केमो चालू असताना कृतज्ञता, आनंद वगैरे खरंच वाटतं का कुणाला?

शाळूचं_रान

नमस्कार मंडळी. मी बार्शीची. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, सध्या वैद्यकीय रजेवर आहे. दिवाळीआधी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि आता केमो चालू आहे. लाल औषधाचे (डॉक्सोरुबिसिनचे) डोस संपत आलेत. त्यापुढे दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचंच दुसरं औषध, मग रेडिएशन, म्हणजे उन्हाळा यातच जाणार. उपचारांबद्दल मनात शंका नाही, डॉक्टर नीट समजावून सांगतात. मला विचारायचंय ते वेगळंच आहे.

भेटायला येणारं प्रत्येक माणूस जाताना सांगतं, "पॉझिटिव्ह राहा हं." नणंदबाईंनी तर कापडी पुठ्ठ्याची सुरेख वही आणून दिली. रोज झोपण्यापूर्वी तिच्यात तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, ज्यांच्याबद्दल देवाचे आभार मानावेत अशा. त्यांनी फार मायेने दिली, म्हणून मीही मनापासून लिहायला बसले. नवरा, मुलगी, आई. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवरा, मुलगी, आई. तिघांवर माझा जीव आहे, पण लिहिताना आत काहीच हललं नाही. मग डोस झाला, तोंड आलं. शेंगांची चटणी लांबच, मऊ वरणभातसुद्धा झोंबायला लागला, पाण्याला लोखंडाची चव. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं की मांड्यांची हाडं आतून ठणकतात. डोसनंतरचे दोन-तीन दिवस पहाटे तीनला टक्क जाग येते आणि उगाच सगळ्यांवर चिडचिड होते. अशा वेळी उशाशी ती वही दिसली की रडू येतं.

आणि खरी भीती पुढेच आहे. एका ओळखीच्या बाई म्हणाल्या, "मन खचलं की औषधं लागू पडत नाहीत, बघ." तेव्हापासून मी रडले की रडल्याचीच धास्ती वाटते. मुलगी यंदा दहावीला आहे. ती शेजारी बसून अभ्यास करते, तिच्यासमोर हसरा चेहरा ठेवताना मी थकून जाते.

म्हणून ज्यांनी हे सगळं पार केलंय किंवा अजून यातच आहेत त्यांना विचारते. तुम्हाला कधी खरोखरचा आनंद झाला का? कशामुळे? उपदेश नकोय, प्रसंग सांगा. आणि मन खचल्यावर औषध चालत नाही, हे खरं आहे का, तेही कुणा जाणकाराने सांगावं.

---

निशिगंध२९

ताई, मला हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर होता. पुण्यात उपचार घेतले. तुमचं लाल औषध माझ्याही चार औषधांच्या चौकडीत होतं. नंतर लघवी लाल व्हायची तेव्हा पहिल्यांदा घाबरगुंडी उडाली होती.

मी प्रामाणिकपणे सांगते, मला त्या काळात कृतज्ञता वाटली नाही. सत्ताविसाव्या वर्षी हे वाट्याला आलं म्हणून प्रचंड राग होता. मैत्रिणींची लग्नं होत होती आणि मी रक्ताचे रिपोर्ट बघत होते. पण आनंद झाला, आणि तो न सांगता झाला. केस गळायला लागल्यावर धाकट्या बहिणीने गॅलरीत खुर्ची टाकून माझे केस कापले. कापता कापता शेजारच्या आजींनी खालून विचारलं, "काय गं, माझेही कापतेस का?" आणि आम्ही दोघी इतक्या हसलो, की कात्री खाली ठेवावी लागली. हसता हसता मी रडतही होते. तो दिवस मला आजही लख्ख आठवतो आणि आठवला की बरं वाटतं.

त्या दिवशी मी कुणाचेही आभार मानले नाहीत. तेव्हा तुम्हालाही मानावेसे वाटत नसतील तर राहू द्या. राग असेल तर राग असू दे. माझा राग पुरेसा होऊन गेल्यावर बाकीच्या गोष्टींना जागा झाली, अगदी हळूहळू. वही कपाटात ठेवा, नणंदबाईंना वाईट वाटणार नाही.

---

मुक्कामी_गाडी

ताई, मी वाई आगारातून निवृत्त झालेला एसटीचा वाहक. मला गुदाशयाचा कॅन्सर झाला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटी. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये आधी रेडिएशन आणि सोबत गोळ्या, मग ऑपरेशन आणि पोटावर पिशवी, मग केमो, आणि शेवटी आतडं पुन्हा जोडून पिशवी काढली. आता तपासणीला जाऊन येतो, बाकी ठीक आहे. लांबलचक लिहितोय, पण तुम्ही प्रसंग मागितलेत आणि माझ्याकडे तेवढेच आहेत.

पिशवीपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे याबद्दल घरातसुद्धा कुणी मोठ्याने बोलत नाही. लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढतात आणि त्यावर पिशवी चिकटवतात. शौच त्या पिशवीत जमतं. आपल्याला कळत नाही, आवरता येत नाही. आतड्याचं ते तोंड लालबुंद असतं, गालाच्या आतल्या बाजूसारखं, आणि हात लावला तरी दुखत नाही. हे मला आधी नर्सबाईंनी सांगितलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बसवलं, उभं केलं, वाकायला लावलं, धोतर-पायजमा कुठे बांधता विचारलं आणि मग पेनाने पोटावर खूण केली. पुढे पिशवी लावताना रोज कळायचं, की त्यांनी ती खूण किती विचार करून केली होती. नाडी कधीच पिशवीवर आली नाही.

पण पहिले दिवस वाईट गेले. चिकटपट्टी सुटायची, अंथरूण भरायचं. ज्या माणसाने आयुष्यभर गर्दीत उभं राहून काम केलं, त्याला चारचौघांत जाण्याची भीती वाटायला लागली. आम्ही दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलो होतो. तिथे बिहार, बंगाल, आसाम, कुठून कुठून आलेली माणसं. एका रात्री पिशवी गळाली आणि मी व्हरांड्यात कोपऱ्यात अंधारात बसून राहिलो. हिला उठवायचीही लाज वाटत होती. एक बंगाली बाई पाणी भरायला उठल्या होत्या. त्यांच्या नवऱ्यालाही पिशवी होती. त्यांना मराठी येत नव्हतं, मला बंगाली नाही, हिंदी दोघांचीही जेमतेम. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आत गेल्या आणि कात्री, कापूस आणि कोमट पाणी घेऊन आल्या. पिशवी चिकटवायच्या चकतीचं भोक मी फार मोठं कापत होतो, त्यामुळे कडेची कातडी सोलून निघाली होती. त्यांनी कागदावर माप काढून तेवढंच भोक कापून दाखवलं, कातडी कोरडी कशी करायची ते दाखवलं, चकती लावल्यावर त्यावर तळहात ठेवून उब द्यायची हे दाखवलं. त्या रात्रीनंतर माझी पिशवी फारशी गळाली नाही. त्या पुढच्या आठवड्यात गावी गेल्या. नवऱ्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

ताई, त्या रात्री मला जे वाटलं, त्याला तुम्ही कृतज्ञता म्हणा. ते देवाबिवाबद्दल नव्हतं. त्या बाईंबद्दल होतं, त्यांच्या हातातल्या कात्रीबद्दल होतं.

नंतर केमो सुरू झाली. त्यातल्या एका औषधाचं नाव ऑक्सॅलिप्लॅटिन. ते शिरेतून गेलं की थंडीशी वैर होतं. आमचं वाई म्हणजे पौषात पाणी दातात कळ मारतं, आणि इथे तर साधा स्टीलचा तांब्या उचलला तरी बोटांत सुया टोचायच्या, गार हवेचा घोट घशाला लागला तरी गळा आवळल्यासारखा व्हायचा. पहाटे हिने चुलीवर पाणी तापवून ठेवलेलं असायचं, दाराच्या कडीला फडकं गुंडाळलेलं असायचं. कडीला फडकं गुंडाळायचं मी सांगितलं नव्हतं. मी एकदा कडी लावताना हात झटकला तो तिने बघितला होता.

पुढे पुढे बोटं बधिर झाली. हे तुम्हालाही पॅक्लिटॅक्सेलने होऊ शकतं, झालं तर डॉक्टरांना लगेच सांगा, चालवून घेऊ नका. माझ्यासाठी ते फार जिव्हारी लागणारं होतं. वाहकाच्या बोटांना नाणी कळतात. रात्रीच्या गाडीत दिवा बंद असला तरी कातडी पिशवीत हात घातला की रुपया कुठला, दोन रुपये कुठले, बोटं सांगतात. ते गेलं. खिशातून नाणं काढायला मला डोळ्यांनी बघावं लागायचं. केमो संपल्यावर बऱ्याच महिन्यांनी एकदा देवळात दक्षिणेसाठी खिशात हात घातला आणि न बघता पाचाचं नाणं वेगळं निघालं. मी तिथेच पायरीवर बसलो. सगळी बोटं अजून पहिल्यासारखी झालेली नाहीत. उजव्या हाताची तीन बरी आहेत.

आता तुमच्या वहीबद्दल. मीसुद्धा लिहायचो, पण माझ्या पद्धतीने. एसटीत टप्पा बदलला की तिकिटांचे नंबर वेबिलवर मांडावे लागतात. कोण कुठे चढलं, कुठपर्यंतचं तिकीट फाटलं, सगळं कागदावर हवं. त्या सवयीने मी जुन्या डायरीत रोजचं मांडायला लागलो. त्यात 'चांगल्या गोष्टी' असं काही नव्हतं. माणूस, काम आणि जागा, एवढंच. 'वॉर्डबॉय. स्ट्रेचर उंबऱ्यावरून नेताना थांबून पुढचं चाक उचललं. सी.टी.ची खोली.' 'ही. कडीला फडकं.' 'रक्त घेणारी पोरगी. शीर सापडेना तेव्हा दुसऱ्यांदा न टोचता मोठ्या बाईंना बोलावलं.' 'चहावाला. सुट्टे नव्हते, उद्या द्या म्हणाला. उद्या मी असेन हे त्याने धरून चाललं.'

मागच्या पानांवर दुसऱ्या बाजूने तक्रारीही मांडायचो. कोण खेकसलं, कुठे तासन् तास उभं केलं, कुठल्या नातेवाइकाने फोन उचलला नाही. तेही खरंच होतं, ते का दडवायचं? आणि काही दिवस पुढच्या बाजूलाही नुसतं 'आज काही नाही' एवढंच आहे. असे दिवस बरेच आहेत.

तुम्ही 'नवरा, मुलगी, आई' लिहिलंत तेव्हा आत काही हललं नाही म्हणता. मला वाटतं ताई, त्यात फक्त माणसं आली, त्यांनी त्या दिवशी काय केलं ते आलं नाही. मुलगी शेजारी बसून अभ्यास करते म्हणालात. ती तुमच्याच शेजारी का बसते, दुसऱ्या खोलीत टेबल असेल ना? हे बघा एकदा.

आणखी एक. मांडून झालं की मी त्या माणसाला सांगायला जायचो. हे मात्र नेमाने केलं. उंबऱ्यावर चाक उचलणाऱ्या त्या पोराला मी शोधून काढलं आणि सांगितलं, "परवा तू चाक उचललंस, टाक्यांना हिसका बसला नाही." तो बघतच राहिला. त्याच्या कामाकडे कुणी बघतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानंतर मी दिसलो की तो लांबून हात करायचा. त्या एवढ्या मोठ्या इमारतीत मला हात करणारा एक माणूस झाला. मला आनंद झाला तो इथे.

ज्यांना शोधता येत नाही तेही असतात. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री टियर एसीत तिकीट पूर्ण माफ आहे आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. एसटीतही सवलत आहे. नोकरीत असताना मी ती तिकिटं कितीतरी वेळा फाडली, दाखला बघितला, पुढे गेलो. स्वतः दाखला दाखवायची वेळ आली तेव्हा वाटलं, कुठल्या तरी कचेरीत कुणीतरी बसून या माणसांचा विचार केला असेल, सोबत्याचाही केला असेल. त्याचं नाव डायरीत लिहिता आलं नाही. 'सवलतीचा नियम करणारा' असं लिहिलं आहे.

---

परिघावरून

मी पेशंट नाही, पेशंटचा नवरा. मुक्कामी_गाडी काकांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

बायकोच्या केमोच्या काळात मी घरातलं सगळं करत होतो आणि एकही काम नीट होत नाही असं मला वाटायचं. कुकरच्या शिट्ट्या चुकायच्या, गोळ्यांच्या वेळा घोकायचो. एकदा ती म्हणाली, "तू औषधाच्या पट्टीवर वार लिहितोस ना, त्यामुळे मला विचार करावा लागत नाही." तिला बोलायलाही त्रास होत होता तेव्हाची गोष्ट. त्या एका वाक्यावर मी कित्येक आठवडे काढले. ताई, तुम्हाला वाटत असेल, की आपण अंथरुणावर पडून सगळ्यांकडून नुसतं घेतोय. तुमच्याकडून आम्हाला काय मिळतं, ते आम्ही सांगत नाही, एवढंच.

आणि हसरा चेहरा ठेवू नका. आम्हाला कळतं. मग आम्हीही हसरा चेहरा ठेवतो आणि घरात दोघंही एकटे पडतात.

---

वॉर्डातली_सिस्टर

मी निवृत्त परिचारिका. मुंबईत कॅन्सरच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याने तुमची झोप उडाली आहे.

मन खचल्याने औषध लागू पडत नाही, असं नाही. औषधाला तुमचा मूड कळत नाही. यावर मोठं संशोधन झालेलं आहे. डोकं आणि मान यांच्या कॅन्सरचे हजारावर रुग्ण घेऊन केलेला अमेरिकेतला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. जेम्स कॉइन या मानसशास्त्रज्ञाने केलेला. रुग्णांची मनःस्थिती चांगली होती की वाईट, याचा ते किती जगले याच्याशी काहीही संबंध दिसला नाही. रडणारे आणि हसणारे, दोघांच्या जगण्यात त्यामुळे फरक पडला नाही. तेव्हा हवं तेवढं रडा. आनंदात राहायचं ते आनंदासाठी, दिवस बरा जावा म्हणून. जीव वाचवायचं ओझं त्याच्यावर टाकू नका. ते काम औषधाचं आहे आणि ते औषध करतंय.

दुसरं, तुम्ही लिहिलंय की डोसनंतर दोन-तीन दिवस पहाटे जाग येते आणि चिडचिड होते. उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड देतात. त्याने नेमकं हेच होतं: झोप उडते, माणूस तडतडतो, आणि गोळी थांबली की एकदम खाली बसल्यासारखं, रडवेलं वाटतं. हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही. गोळी सकाळीच घेता येईल का, एवढं डॉक्टरांना विचारा. पुष्कळांना तेवढ्याने झोप लागते.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच उदास वाटलं, कशातच जीव रमेना, जगणं नकोसं वाटलं, तर ते अंगावर काढू नका. त्याला उपचार आहेत. पुढे तुम्हाला टॅमॉक्सिफेन (हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी) देणार असतील तर मनाच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, कारण नैराश्याच्या काही गोळ्या त्याच्या कामात आड येतात. त्यांना पर्याय आहेत.

आता तुम्ही मागितलेला प्रसंग. मी नोकरीला लागले तेव्हा उलटी थांबवणारी आजची औषधं नव्हती. सिसप्लॅटिन हे केमोचं औषध लावलं की प्रत्येक खाटेखाली तसराळं असायचं आणि रात्रभर वॉर्डात तोच आवाज. काही रुग्ण हॉस्पिटलच्या गेटपाशी आल्यावरच उलटी करायचे, औषध अंगात जायच्या आधीच, नुसत्या आठवणीने. उपचार अर्धवट टाकून घरी गेलेली माणसं मी बघितली आहेत. उलटी थांबवणाऱ्या ऑन्डॅन्सेट्रॉनला अमेरिकेत १९९१ साली मान्यता मिळाली आणि पुढे ते आमच्याकडे आलं. तुमच्या त्या हाडं दुखवणाऱ्या इंजेक्शनालाही तिथे त्याच साली मान्यता मिळाली. ज्या रात्री वॉर्डात पहिल्यांदा सगळे झोपले, त्या रात्री आम्ही नर्सेस उगाचच खाटांमधून फेऱ्या मारत होतो. इतकी शांतता कशी, म्हणून प्रत्येकाचा श्वास बघत होतो. सकाळी एका आजोबांनी चहाबरोबर बटर मागितलं. केमोच्या दुसऱ्या दिवशी चहा-बटर! आमच्या मोठ्या सिस्टर ते आणायला स्वतः कँटीनमध्ये गेल्या.

तोंडासाठी, कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा खळखळून चुळा भरा. लोखंडी चव लागते तर काही दिवस स्टीलचा चमचा सोडून लाकडी किंवा प्लास्टिकचा वापरून बघा.

---

शाळूचं_रान

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. सिस्टर, गोळी सकाळी घ्यायला डॉक्टरांनी हो म्हटलं. आणि त्या अभ्यासाबद्दल वाचल्यावर मी नवऱ्याला ते मोठ्याने वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण बराच वेळ माझा हात धरून बसला. त्यालाही तीच धास्ती होती, हे मला त्या दिवशी कळलं.

मुक्कामी_गाडी काका, तुमच्या म्हणण्यावरून मी मुलीला विचारलं, की तू आतल्या टेबलावर का बसत नाहीस. ती म्हणाली, "तू झोपेत कण्हतेस तेव्हा मला ऐकू यायला हवं ना." तीन वाक्यांचं बोलणं झालं आणि परत भूमितीला लागली. हे मी वहीत लिहिलं. आत हललं.

मग मी शोधत बसले, की मला माझी गाठ कळली ती कशामुळे. माझं माहेर भूम तालुक्यातलं. बार्शीत १९८७ साली कॅन्सरची नोंद ठेवणारी रजिस्ट्री सुरू झाली, ग्रामीण भागातली देशातली पहिली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावागावांत त्यांची माणसं यायची, कुणाला काय झालंय विचारायची, आणि बायकांना बसवून सांगायची, की न दुखणारी गाठसुद्धा दाखवायची असते. मी शाळकरी होते, आईच्या मागे उभी राहून ऐकलं होतं. 'न दुखणारी' हे डोक्यात राहिलं. माझी गाठ दुखत नव्हती. आंघोळ करताना हाताला लागली आणि दुसऱ्याच दिवशी मी दवाखान्यात होते. उन्हातान्हात सायकलवर, एसटीने गावं पालथी घालणारी ती माणसं कोण होती, मला माहीत नाही. काका, तुमच्यासारखं मीही त्यांना कामावरूनच नाव दिलंय.

विज्ञानाची शिक्षिका असल्यामुळे पुढे औषधांच्या मागेच लागले. माझं ते लाल औषध मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालं. इटलीत कास्तेल देल मोन्ते नावाचा तेराव्या शतकातला किल्ला आहे, त्याच्या आसपासची माती संशोधकांनी नेली, तीत हा लाल रंगद्रव्य करणारा जिवाणू निघाला. पॅक्लिटॅक्सेल एका झाडाच्या सालीतून आलं, ती साल १९६२ साली अमेरिकेच्या वायव्येकडच्या जंगलात गोळा केली होती. आणि निशिगंध, तुझ्या चौकडीतलं विनब्लास्टिन आपल्या सदाफुलीतलं! आमच्या शाळेच्या कुंपणाला सदाफुली रांगेने आहे. बरी झाले की नववीचा वर्ग तिथे नेणार आहे आणि तिथेच उभं राहून तास घेणार आहे. कालची दुपार मी नुसती ही टिपणं काढण्यात घालवली. संध्याकाळी लक्षात आलं, की दिवसभरात एकदाही मला मी आजारी असल्याची आठवण झाली नव्हती. नणंदबाईंना आज फोन करून सांगणार आहे, की वही वापरात आहे.

आता एक घरगुती प्रश्न, सिस्टरना. भावाच्या रानात गूळभेंडी ज्वारीची कणसं हुरड्याला आली आहेत. पुढच्या रविवारी आगटी लावायची म्हणतोय आणि मला न्यायला गाडी घेऊन येणार आहे. तोंड आता बरंच बरं आहे. जाऊ का? खाऊ का?

---

वॉर्डातली_सिस्टर

पुढचा रविवार तुमच्या डोसनंतर कितवा दिवस येतो, ते आधी मोजा. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, तेव्हा गर्दीत आणि धुळीत जाऊ नका. पुढच्या डोसच्या आधीचा आठवडा असेल आणि रक्ताचा रिपोर्ट बरा असेल, तर डॉक्टरांना विचारून खुशाल जा. तसं नसेल तर भावाला आगटी एक आठवडा पुढे ढकलायला सांगा. कणसं तेवढी थांबतील, तो तर नक्कीच थांबेल.

आगटीपासून लांब, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला बसा, धूर नको. कणीस निखाऱ्यातून काढल्यावर गरम असतानाच साबणाने हात धुतलेल्या घरच्याच एका माणसाने चोळून द्यावं. सगळ्यांच्या ताटातला, बराच वेळ उघडा पडलेला हुरडा घेऊ नका. दाणे कोवळे बघून घ्या, जून दाणा तोंडाला टोचेल. सोबत दही हवं असेल तर घरी उकळलेल्या दुधाचं, त्याच दिवशी लागलेलं. लसणाची कच्ची चटणी यंदा इतरांना खाऊ द्या, तुम्ही थोडा गूळ घ्या. पिण्याचं पाणी घरून न्या. आणि त्या रात्री किंवा नंतर कधीही ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला, तर क्रोसिन घेऊन वाट बघत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटलला जा.